जो मनोरा जागेवर नाहीच, त्याचं 'ओरिजिनल स्कॅन' मी साडेसहा हजारांना घेतलं

खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं, कारण स्वतःचा गाढवपणा चारचौघांत सांगायला कुणाला आवडतं. पण परवा ओळखीतल्या एका पोराने विचारलं की दादा, जुन्या वास्तूंचे तयार थ्रीडी पार्ट स्वस्तात कुठे मिळतील, टेलिग्रामवर एकजण देतोय म्हणे. म्हटलं आता लिहूनच टाकतो.

मी पुण्यात घरून थ्रीडीचं काम करतो, ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर. ज्यांना किटबॅश माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गणपतीच्या मखराला आपण बाजारातून तयार खांब, कमानी, कळस आणतो आणि घरी जोडतो ना, तसंच हे कॉम्प्युटरवर. कुणीतरी बनवलेल्या भिंती, जिने, दारं विकत घ्यायची, फिरवायची, लहानमोठी करायची, एकावर एक रचायची आणि महिन्याचं काम आठवड्यात उरकायचं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळे करतात.

तर मागच्या वर्षी गणपतीच्या आधी एक काम आलं. शाळेच्या मुलांच्या इतिहासाच्या अ‍ॅपसाठी प्राचीन बॅबिलॉनचा दोन मिनिटांचा फ्लायथ्रू, शहरावरून कॅमेरा जाणार आणि शेवटी तो प्रसिद्ध मनोरा, बायबलातला बाबेलचा बुरूज, लोक स्वर्गापर्यंत बांधायला निघाले होते तो. ५५ हजारांचं काम, १५ हजार अ‍ॅडव्हान्स, वेळ तीन आठवडे. मला बॅबिलॉनबद्दल शाळेतल्या झुलत्या बागांपलीकडे काहीही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शोधायचा कंटाळाही केला. हीच माझी पहिली चूक, पैसे नंतर गेले.

टेलिग्रामवर एका चॅनेलवर जाहिरात दिसली. 'बॅबिलॉन टॉवर किट, ३४० पार्ट, ओरिजिनल स्ट्रक्चरच्या स्कॅनवरून, फोर के टेक्स्चर, कमर्शियल लायसन्ससह, फक्त ६५००.' मेसेज केला तर समोरचा चक्क मराठीत बोलायला लागला, सर सर करत, त्याने मलाच विचारलं प्रोजेक्ट काय आहे, डेडलाइन कधी आहे. मराठी माणूस म्हटल्यावर मी अजूनच पाघळलो. यूपीआय केलं, दहा मिनिटांत ड्राइव्हची लिंक आली, साडेचार जीबी. फाइल उघडली आणि खरंच डोळे दिपले हो, कमानींच्या रांगा, गोल गोल वर जाणारा रस्ता, तुटक्या कोपऱ्याची एक कमान तर इतकी सुंदर होती की मी ती बारा ठिकाणी वापरली.

दोन दिवसांनी त्याचाच मेसेज, सर तुमचं काम कंपनीसाठी आहे ना, मग ते लायसन्स वेगळं, सात हजार, नाहीतर उद्या कॉपीराइटची नोटीस येईल. जाहिरातीत तर सगळं धरून लिहिलं होतं, पण मी तोवर अर्धा मनोरा रचून बसलो होतो. वर म्हणाला मुख्य जिना या किटमध्ये नाहीये, तो कस्टम बनवून देतो, पाच हजार. दोन्ही दिले. एक पीडीएफ आली, त्यावर सोनेरी शिक्का आणि माझं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगने. जिना काही आला नाही.

मग रिव्ह्यू कॉल. क्लायंटने एक निवृत्त इतिहासाचे सर सल्ल्याला घेतले होते. त्यांनी माझा रेंडर बघितला, चष्मा वर केला आणि विचारलं, "अहो, ही कमान कुठली? ही तर रोमची वाटते." मी म्हटलं सर, ओरिजिनल स्ट्रक्चरचं स्कॅन आहे. ते हसायलाच लागले. म्हणाले, "कशाचं स्कॅन? तिथे आता आहे काय?"

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट वाचायला बसलो, आणि जसजसं वाचत गेलो तसतसा घाम फुटत गेला. ज्यावरून बाबेलची गोष्ट आली असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात ते बॅबिलॉनमधलं मार्दुक देवाचं पायऱ्यापायऱ्यांचं प्रचंड झिगुरात, नाव एतेमेनान्की, म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी यांच्या पायाचं घर. नाबोपोलस्सार राजाने ते नव्याने बांधायला घेतलं आणि त्याच्या मुलाने, दुसऱ्या नेबुकॅडनेझरने (इ.स.पू. ६०५ ते ५६२) पुरं केलं. पुढे अलेक्झांडर तिथे पोचला तेव्हा ते इतकं ढासळलेलं होतं की त्याने पुन्हा बांधायचं ठरवून आधी मलबाच हलवायला घेतला, आणि इ.स.पू. ३२३ मध्ये तो तिथेच वारला. म्हणजे जुनं साफ झालं आणि नवीन उभंच राहिलं नाही, आपल्याकडच्या रिडेव्हलपमेंटसारखं. उरलेल्या पायाच्या भाजक्या विटा पुढे लोकांनी घरं बांधायला उपसून नेल्या. आज इराकमध्ये हिल्ला शहराजवळ त्या जागेवर काय आहे तर एक चौकोनी खड्डा, त्यात साचलेलं पाणी, मधोमध कच्च्या विटांचा ढिगारा, आणि एका बाजूला जिन्याच्या पायाचा लांब चर. वरून घेतलेला फोटो बघा, दांडा असलेल्या चौकोनी तव्यासारखं दिसतं.

आणि याचं स्कॅन मला विकलं होतं! खड्ड्याचं स्कॅन करून त्यातून ३४० पार्ट निघाले!

बरं, मग त्याचा आकार लोक सांगतात कशावरून? एक म्हणजे उत्खनन, रॉबर्ट कोल्डेवाय नावाच्या जर्मन माणसाने १८९९ ते १९१७ तिथे खोदकाम केलं, आणि त्यातून तळाची बाजू साधारण ९१ मीटर निघाली. दुसरं म्हणजे पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये असलेली मातीची एक पाटी, इ.स.पू. २२९ मधली नक्कल, तिच्यावर टप्प्यांची मापं आहेत. पहिला टप्पा ३३ मीटर उंच, दुसरा १८, मग सहा सहा मीटरचे छोटे, आणि वर १५ मीटरचं देऊळ. बेरीज करा, ९० च्या आसपास, म्हणजे जितका रुंद तितकाच उंच. दक्षिणेला तीन जिने, दोन भिंतीला चिकटून आणि मधला सरळ बाहेर पन्नासेक मीटर आलेला. हे सगळं फुकट वाचायला मिळतं. माझ्या साडेसहा हजारांच्या किटमध्ये यातलं एकही नव्हतं, आणि ज्या जिन्याचे पाच हजार दिले तोच नेमका या इमारतीचा खरा चेहरा.

मग किटमध्ये होतं काय? गोल आकार आणि कमानींच्या रांगा आल्या ब्रूगेल नावाच्या जुन्या चित्रकाराच्या १५६३ च्या चित्रावरून, ते चित्र व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे, आणि ब्रूगेल रोमला जाऊन आला होता, तिथलं कोलोसियम त्याच्या डोक्यात होतं. म्हणजे सर बरोबर बोलले. वर जाणारा वळसेदार रस्ता आला इराकमधल्याच समारा शहराच्या मिनारावरून, आणि तो आहे नवव्या शतकातला, नेबुकॅडनेझरनंतर चौदाशे वर्षांनी बांधलेला. हे मला कुणी सांगायचीही गरज नव्हती, ब्लेंडरमध्ये उजवीकडच्या यादीत एका पार्टचं नाव सरळ 'समारा लो' असं होतं आणि एका मटेरियलचं 'कोलोसियम झीरो थ्री', चोराने नावंसुद्धा बदलली नव्हती आणि मी इतके दिवस तीच यादी डोळ्यासमोर ठेवून काम करत होतो.

विटा तर विचारूच नका. बॅबिलॉनच्या विटा चौकोनी, जवळपास ३३ सेंटीमीटर बाय ३३, जाडी आठेक, बऱ्याच विटांवर राजाच्या नावाचा ठसा. आणि माझ्या मनोऱ्यावर आपल्या भट्टीतली नऊ इंची लाल वीट, सिमेंटच्या सांध्यासकट! तिकडे सांधायला डांबर वापरायचे, बायबलच्या त्या गोष्टीतसुद्धा दगडाऐवजी वीट आणि चुन्याऐवजी डांबर असं स्वच्छ लिहिलंय.

आता ३४० चा हिशेब. स्टॅटिस्टिक्स चालू करून एकेका पार्टचे व्हर्टेक्स, म्हणजे कोपऱ्यांचे बिंदू, मोजत गेलो तर वेगळे पार्ट निघाले ५८. बाकीचे तेच, आरशात उलटे केलेले, ताणलेले, नव्वद अंशात फिरवलेले. आणि खरा धक्का यापुढे आहे. किटमध्ये काही फाइली जीएलटीएफ फॉरमॅटच्या होत्या. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते, आत मजकूरच असतो. उघडून 'ऑथर' शोधलं तर मूळ कलाकाराचं नाव, मूळ पानाचा पत्ता आणि लायसन्स, सगळं जसंच्या तसं, आणि लायसन्स काय तर सीसी बाय एनसी. म्हणजे फुकट घ्या, नाव द्या, पण धंद्यासाठी वापरू नका. त्या माणसाने जे जगाला फुकट दिलेलं ते याने मला विकलं, आणि मी ते क्लायंटला विकायला निघालो होतो. मी त्या कलाकाराला मेल करून सगळं सांगितलं. दोन ओळींचं उत्तर आलं, की तुम्ही या महिन्यातले तिसरे. माझ्यावर चिडला नाही, पण ते वाचून मलाच कसंतरी झालं.

विकणाऱ्याला फोन केला तर उचलला, हे विशेष. अगदी गोड. सर गैरसमज झालाय, पूर्ण रिफंड देतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. मी रागाच्या भरात मोबाईल हातात घेतलाही होता, शेजारी बायको भाजी निवडत होती, ती नुसती म्हणाली, "पैसे यायला पिन कशाला लागतो?" तिथे वाचलो. नाहीतर अजून किती गेले असते देव जाणे. पिन फक्त पैसे द्यायला लागतो, हे मी स्वतः आईला दहा वेळा समजावलंय.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, पण पहिलं पेमेंट होऊन तोवर अठरा दिवस झाले होते. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण म्हणाल्या लगेच कळवलं असतं तर ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवायची शक्यता जास्त असते, आता पैसे पुढे गेले असतील. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाकली, चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयचे ट्रान्झॅक्शन नंबर, ती सोनेरी पीडीएफ, सगळं जोडलं. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. आजतागायत माझ्याकडे एक तक्रार क्रमांक आहे, बाकी काही नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी १९३० आणि मग विकणाऱ्याशी भांडण, मी उलटं केलं.

एकूण गेले १८,५००. क्लायंटला खरं काय ते सांगितलं, अ‍ॅडव्हान्स परत द्यायची तयारी दाखवली. ते थोडे दिवस गप्प होते, मग त्या सरांनीच रदबदली केली आणि दहा दिवस वाढवून मिळाले, पैसे मात्र कमी करून. बसलो मग. एक चौकोनी वीट केली, अ‍ॅरे लावून (म्हणजे तिच्याच रांगेने नकला) भिंत, भिंतीत ठरावीक अंतरावर खोबणी, पाटीवरच्या मापांनी टप्पे, दक्षिणेला तीन जिने. मातीचं टेक्स्चर पॉली हेवन या वेबसाइटवरून घेतलं, तिथलं सगळं सीसी झीरो असतं, कुणाला काही द्यावं लागत नाही. आख्खा मनोरा स्वतःच्या नऊ पार्टमध्ये झाला. नऊ! तोही सहा दिवसांत. सर म्हणाले आता बरा दिसतोय, फक्त वरच्या देवळाला निळ्या विटा द्या. दिल्या.

आणि हो, ते सुरुवातीचं पोरगं. काल त्याने मला ती टेलिग्रामची लिंक पाठवली. चॅनेलचं नाव वेगळं, फोटो वेगळा, 'द्वारका टेम्पल किट, समुद्राखालच्या ओरिजिनल स्ट्रक्चरच्या स्कॅनवरून, ४१० पार्ट.' जाहिरातीचं चित्र मोठं करून बघितलं, देवळाच्या दारावर शंख, चक्र, वर भगवा झेंडा, आणि त्या दाराची कमान, डाव्या कोपऱ्याला तुटलेली. माझी उजव्या कोपऱ्याला होती. आरशात उलटी केलीये एवढंच.