रबाळ्याच्या प्रयोगशाळेत घरची धूळ तपासून घेतली

माझं माहेर दिंडोरी तालुक्यात, मी राहते ठाण्याला, कोपरीत. आईला चार वर्षांपूर्वी कंपवात, म्हणजे पार्किन्सन, निघाला. तिच्या खोलीच्या खिडकीपासून शेजारच्या द्राक्षबागेची पहिली ओळ एकोणतीस पावलांवर आहे. फवारणीचा ब्लोअर फिरून गेला की मच्छरजाळीवर पांढुरकं पूट बसतं आणि आई ते पदराने पुसते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "घराजवळ औषधं मारतात का? किती वर्षं?" मारतात, एवढंच मला सांगता आलं. कोणती, किती, घरात किती येतं, काहीच माहीत नव्हतं. म्हणून यंदा जानेवारीत मी रबाळे एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत घरची धूळ तपासून घेतली. प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. पण असं कुणाला करायचं असेल तर माझे पैसे कुठे वाया गेले आणि कुठे सार्थकी लागले, ते कळावं.

धूळच का? लघवीची तपासणी मी आधी विचारली होती. पण आजची बहुतेक फवारणीची औषधं दोन-चार दिवसांत शरीरातून निघून जातात, त्यामुळे एका नमुन्यातून गेल्या आठवड्यापुरतंच कळतं. घरातल्या धुळीचं तसं नसतं. तिला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, मातीतले जिवाणू तिथे फारसे नसतात, म्हणून औषधाचे अंश तिच्यात महिनोन् महिने टिकतात. कॅलिफोर्नियात लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या अभ्यासात घरोघरच्या गालिच्यांमधली धूळ यासाठीच तपासली होती. आमच्याकडे गालिचा कुठला! सकाळ-संध्याकाळ केर, वर ओलं फडकं. मी धूळ जमवली ती लोखंडी कपाटाच्या माथ्यावरून, गोधड्यांच्या ट्रंकेमागून आणि आईच्या खिडकीच्या खाचेतून. नव्या ब्रशने, फॉइलवर, मग काचेच्या बरणीत. हे सगळं मला फोनवर प्रयोगशाळेतल्या एका सरांनी समजावून सांगितलं होतं. प्लास्टिकची पिशवी नको, चाळणीतून केस-काड्या काढा, बरणी फ्रीजमध्ये ठेवा. त्यांनीच म्हटलं, "ताई, तुमच्या ठाण्याच्या घरची पण बरणी आणा, नाहीतर तुलना कशाशी करणार?" मला ते फार पटलं. फ्रान्समध्ये द्राक्षबागांजवळच्या लोकांवर पेस्टिरिव्ह नावाचा अभ्यास झाला, 2025 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यांनीही बागेपासून 500 मीटरच्या आतली माणसं आणि बागांपासून लांब राहणारी माणसं अशीच तुलना केली होती.

पनवेल गाडीने दोन्ही बरण्या घेऊन गेले. दर बरणीला साडेसात हजार, वर जीएसटी. दोनशेहून जास्त कीटकनाशकं एकाच तपासणीत, असं दरपत्रकावर होतं. काउंटरवरच्या मुलीने पावती फाडली आणि सात दिवसांनी या म्हणाली. रिपोर्ट यायला बारा दिवस लागले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आहे. द्राक्षाला डाउनी या बुरशीच्या रोगासाठी सगळ्यात जास्त काय मारतात? एम-45, म्हणजे मॅन्कोझेब. खिडकीवरचं ते पूट बहुतेक त्याचंच. मी मुख्यतः त्याच्यासाठी गेले होते, फॉर्मवर तसं लिहूनही दिलं होतं. आणि रिपोर्टच्या आठ पानांत मॅन्कोझेब कुठेच नाही. 'आढळले नाही' असंसुद्धा नाही, यादीतच नाही. विचारल्यावर कळलं की हे औषध त्या एकत्र तपासणीत सापडतच नाही. ते वेगळ्या पद्धतीने, कार्बन डायसल्फाइड वायूत रूपांतर करून मोजावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. पॅराक्वाट आणि ग्लायफोसेट या तणनाशकांचंही तसंच, त्यांना आपापली वेगळी पद्धत लागते. हे शास्त्र आहे, त्यात प्रयोगशाळेचा दोष नाही. पण फॉर्मवर नाव वाचून पैसे घेणाऱ्याने तेव्हाच सांगायला हवं होतं. पंधरा हजार मोजणाऱ्या बाईला 'दोनशेहून जास्त' म्हटलं की आपलं औषध त्यात असणारच असं वाटतं.

मी वेगळी तपासणी करायला निघाले, तर सरांनीच थांबवलं. "घरात कांदा साठवता का?" नाशिकच्या घरात कांदा नाही असं कसं होईल? ओट्याला लागूनच कांद्याची चाळ आहे. मग म्हणाले, कांदा, लसूण, कोबी यांच्यातूनही तोच वायू निघतो. धुळीत कांद्याचं टरफल असलं तर आकडा आला तरी तो औषधाचाच आहे हे सांगता येणार नाही. अठराशे रुपये वाचले. त्या माणसाने स्वतःच्या प्रयोगशाळेचं गिऱ्हाईक परत पाठवलं, हे मी विसरणार नाही.

जे सापडलं त्यात मात्र मला हवं ते बरंच होतं. आईच्या खोलीतल्या धुळीत डायमेथोमॉर्फ आणि टेब्युकोनॅझोल निघालं. दोन्ही बुरशीनाशकं, दोन्ही बागेतली. कोपरीच्या बरणीत दोन्ही नाहीत. उलट इमिडाक्लोप्रिड कोपरीत जास्त निघालं! आधी मी दचकले. मग आठवलं, सोसायटीत झुरळांची जेल आणि वाळवीची ट्रीटमेंट झाली होती, त्यात हेच असतं. म्हणजे औषध सापडलं तरी ते शेतातूनच आलं असं नाही. रिपोर्ट हे सांगत नाही, ते घरच्या माणसालाच माहीत असतं. शिवाय माझा भाऊ स्वतःच्या बागेतून येऊन शर्ट पडवीत टांगतो. वाऱ्याने किती आलं आणि भावाच्या शर्टावरून किती आलं, ते या बरणीतून वेगळं काढता येत नाही.

आणखी एक. रिपोर्टवर एनएबीएलचं, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं, चिन्ह नव्हतं. त्यांची मान्यता फळं-भाज्यांच्या तपासणीला आहे, घरच्या धुळीला नाही. हे त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितलं होतं, ते बरोबर केलं. तुम्हीही एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेचा स्कोप, म्हणजे कशाकशाच्या तपासणीला मान्यता आहे ते, आधी बघा.

डॉक्टरांच्या 'किती वर्षं' या प्रश्नाचं उत्तर शेवटी बरणीत मिळालं नाही. ते भावाच्या वहीत मिळालं. त्याची द्राक्षं निर्यातीला जातात, त्यासाठी प्लॉटची नोंदणी असते आणि फवारणीची वही ठेवावी लागते. तारीख, औषध, प्रमाण, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं. शेजारच्या काकांचीही वही आहे, त्यांनी ती चहा पाजून माझ्या हातात दिली. मी हिशेबाचं काम करणारी, सहा हंगामांचं कोष्टक तीन रविवारांत मांडलं. कॅलिफोर्नियात 1990 पासून शेतातली प्रत्येक फवारणी सरकारकडे नोंदवावी लागते, साधारण एका चौरस मैलाच्या तुकड्यापर्यंत. संशोधक ती नोंद जमीन-वापराच्या नकाशावर ठेवतात आणि घराभोवती 500 मीटरचं वर्तुळ काढतात. 2009 मध्ये अशाच अभ्यासात दिसलं की त्या वर्तुळात पॅराक्वाट आणि मॅनेब दोन्ही मारलं गेलं असेल, तर कंपवाताचा धोका 75 टक्क्यांनी जास्त होता. मॅनेब हे मॅन्कोझेबचं जवळचं भावंड. आईला यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, एका माणसापुरतं असं कुणालाच सांगता येत नाही. पण आता डॉक्टरांसमोर ठेवायला माझ्याकडे सहा वर्षांच्या तारखा आहेत.

पाचपैकी तीन तारे. तिन्ही त्या सरांचे. मी पुन्हा जाणार आहे, एकाच बरणीसाठी. या वेळी ऑक्टोबर छाटणीच्या आधी आईची खिडकी पुसून कोरडी करून ठेवायची आणि डिसेंबरात, डाउनीच्या फवारण्या संपल्या की, फक्त त्याच खाचेतली धूळ घ्यायची. ब्रश आणि बरणी भावाकडे देऊन आले आहे. त्याने शर्ट आता बाहेर पंपाच्या खोलीत टांगायला सुरुवात केली आहे.