नोटो सान्स कॅनेडियन अबोरिजिनल फॉन्ट : वापरून बघितला, नक्की घ्या

दादरला आमचं डीटीपीचं काम आहे आणि मराठी भाषा दिनाच्या एका प्रदर्शनासाठी जगातल्या लिप्यांची पोस्टरं करायला आली होती, त्यात कॅनडातल्या क्री आणि इनुइट लोकांची सिलॅबिक्स लिपी होती म्हणून गूगलचा हा फॉन्ट डाउनलोड केला. फुकट आहे, लायसन्स ओपन आहे त्यामुळे क्लायंटच्या कामात बिनधास्त वापरा, थिनपासून ब्लॅकपर्यंत नऊ वजनं (अक्षरांच्या जाड्या) मिळतात.

पण खरी मजा अक्षरांत आहे. या लिपीत काना-वेलांटी नाहीच, अक्षर कुठल्या दिशेला तोंड करतं त्यावर स्वर ठरतो. इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेत एकच कोन, टोक वर केलं की पि, उजवीकडे केलं की पु, डावीकडे केलं की पा, आणि डोक्यावर टिंब दिलं की स्वर दीर्घ. नुसतं प् हवं असेल तर पा चंच छोटं रूप वर लिहायचं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीत, यातल्या प्रत्येकाला स्वतःचा कोड आहे, टिंबवाल्या पी ला सुद्धा. आपला पि म्हणजे दोन कोड, आणि वेलांटी उचलून प च्या आधी नेऊन दाखवायचं काम सॉफ्टवेअरचं, म्हणून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आपली जोडाक्षरं फुटतात. इथे जोडायचंच काही नाही त्यामुळे पेस्ट केलं की अक्षर जागेवर, मला तर हे बघून हेवा वाटला.

आणि देवनागरीशी नातं पण आहे बरं का. १८४० मध्ये कॅनडातल्या नॉर्वे हाउस या गावी ही लिपी छापात आणणाऱ्या जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याला देवनागरी माहीत होती असं अभ्यासक सांगतात, क्री लोकांची परंपरा मात्र सांगते की लिपी त्यांच्याच कॉलिंग बॅजर नावाच्या माणसाला मिळाली. दोन्ही गोष्टी मी पोस्टरवर घेतल्या, एकच घेणं बरोबर नव्हतं.

युनिकोडच्या आधीचे हाल तर आपल्यासारखेच. नुनाकॉम, प्रोसिल असल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी सिलॅबिक्स बसवलेली असायची, समोरच्याकडे फॉन्ट नसला की सगळा मजकूर इंग्रजी कचरा. आपल्या श्रीलिपी आणि कृतीदेव या जुन्या फॉन्टच्या फायली ज्यांनी रात्र रात्र बसून कन्व्हर्ट केल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. १९९९ मध्ये युनिकोड ३.० आलं तेव्हा या लिपीला जागा मिळाली, कॅनडातला इनुइटांचा नुनावुत प्रदेश पण त्याच वर्षी झाला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, क्री, इनुक्टिटुट, डेने (कॅनडातलाच आणखी एक समाज) सगळ्यांना मिळून कोडचा एकच गठ्ठा दिलाय, त्यामुळे एकाच कोडचं वळण प्रत्येक समाजाला वेगळं हवं असू शकतं, जसं आपल्याला मराठी ल आणि श हवा असतो आणि हिंदीवाला येतो. इनुइटांच्याच नात्तिलिक बोलीची काही अक्षरं तर २०२१ मध्ये युनिकोड १४ ला आली, म्हणजे फॉन्टची जुनी फाइल असेल तर तिथे चौकोनच दिसणार. नवीनच उतरवून घ्या.

प्रिंटिंगला आम्ही ओपन (बदल करता येणारी) फाइल दिली होती, प्रेसवाल्याकडे फॉन्ट नव्हता आणि प्रूफवर सगळे चौकोन आले, मग फॉन्ट फाइलमध्येच बसवून (एम्बेड करून) पीडीएफ दिली तेव्हा नीट छापलं. मराठी मजकुराला सोबत नोटो सान्स देवनागरी लावा, भाषा मराठी सेट करा म्हणजे ल-श आपले येतात. टिंबं साध्या कागदावर भरून जातात, १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका, आणि लांबून वाचायचं असेल तर रेग्युलरपेक्षा मीडियम घ्या.