आंबोलीची नाईट ट्रेल: पैसे वसूल, पण मेलेले बेडूक मोजायची तयारी ठेवा

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आंबोलीला जाऊन आलो, मी, नवरा आणि आमचं नऊ वर्षांचं कार्टं. कोल्हापुरातून आजऱ्यावरून गेलो, रस्ता ठीक, पाऊस मात्र असला की वायपरनं हात टेकले. धबधबा, कावळेसाद, तिथली गर्दी आणि गरम मका हे सगळ्यांना माहितीय, त्यावर लिहीत नाही. लिहितेय ते रात्रीच्या ट्रेलबद्दल (म्हणजे टॉर्च घेऊन बेडूक-साप बघत फिरणं), जी आमच्या होमस्टेवाल्यांनी गावातल्याच एका गाईडबरोबर ठरवून दिली. माणशी ६०० रुपये, पोराचे अर्धे. गाईडचं नाव टाकत नाही कारण त्यानंच सांगितलं, "नाव नको ताई, मग वीस-वीस जणांच्या ग्रुपचे फोन येतात."

आधी तक्रारी सांगून टाकते. आठची वेळ दिली होती, निघालो पावणेनऊला. आम्ही तिघंच असणार असं सांगितलेलं, तिथं गेल्यावर अजून एक पाच जणांची फॅमिली उभी. गमबूट लागतील हे कोणी आधी बोललं नाही, मी आपली सँडलवर, मग होमस्टेच्या मावशींचे दोन नंबर मोठे बूट घालून फतक फतक करत गेले. आणि हे काही प्राणिसंग्रहालय नाही, त्यामुळं "काय काय दाखवणार?" असं विचारून गेलात तर पहिल्या अर्ध्या तासात वैतागाल, आम्ही पण वैतागलो होतो.

कारण हा माणूस दाखवत कमी आणि लिहीत जास्त होता. घाटाच्या रस्त्याला लागलो न लागलो तोच थांबला, खाली वाकला, टॉर्च मारला तर गाडीखाली चिरडलेला बेडूक. बाजूला दहाचं नाणं ठेवलं (साईज कळायला), फोटो काढला, बेडूक पानानं उचलून कडेला टाकला आणि चार पावलं पुढं गेला तर दुसरा. वीसेक मिनिटं हेच चाललेलं. आमचं पोरगं म्हणालं, काका जिवंत काहीच नाही का इथं? तो हसला फक्त. "काल अकरा होते, आज सात गावले," एवढंच बोलला. मग मोबाईल दाखवला, काच तडकलेली, त्यात आयनॅचरलिस्ट उघडं, म्हणजे दिसलेल्या प्राण्या-झाडांच्या नोंदी टाकायचं ॲप. तिथं प्रत्येक नोंदीला जिवंत की मेलेला असं टाकता येतं, आणि तारीख, वेळ, जागा सगळं राहतं. कुठल्या वळणावर, किती वाजता, कसल्या पावसात जास्त मरतात हे त्याला तोंडपाठ होतं. ते ऐकल्यावर आमची गाडी आदल्या रात्री त्याच वळणावरून आली होती हे आठवलं आणि मी गप्प बसले.

जिवंत पण भरपूर दिसलं बरं का. मलबार ग्लायडिंग फ्रॉग, हिरवागार, बोटांमधला पडदा नारिंगी-लाल, डबक्यावर आलेल्या फांदीला फेसाचं घरटं. साबणाचा फेस कोणी पानाला लावून ठेवलाय असंच वाटतं, आणि त्यातली पिल्लं खाली पाण्यात पडतात म्हणून घरटं बरोबर पाण्याच्या वर. मलबार चापडा (विषारी साप) दिसला, तपकिरी होता, मला वाटायचं चापडा हिरवाच असतो, पण हा पिवळा-तपकिरी कसाही असतो म्हणे. दुसऱ्या फॅमिलीतले काका मोठा कॅमेरा घेऊन आलेले, म्हणाले जरा काठीनं त्या मोकळ्या फांदीवर घे की, फ्रेम चांगली मिळेल. गाईड एकदम शांतपणे म्हणाला, "नाही ओ. हात लावू नकात, काठी पण नको." आणि फोनमधले पाच दिवसांचे फोटो दाखवले, तोच साप, तीच फांदी, भक्ष्याची वाट बघत बसलेला. आज उठवला तर उद्या इथं नसणार. काकांचं तोंड पडलं, फ्लॅश मात्र दोनदा मारलाच त्यांनी. गाईडनं तिथं अजून कडक व्हायला पाहिजे होतं असं माझं मत.

आंबोली टोड हा बेडूक मात्र हुकला. वाघासारखे पट्टे असतात त्याला, २००९ साली शास्त्रात नवीन म्हणून नोंदला गेला आणि आज अति-संकटग्रस्त यादीत आहे. पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या (उघड्या कातळाच्या पठारावरच्या) जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचलं की अंडी घालतात, आम्ही उशिरा पोचलो. कुठला सडा विचारलं तर सांगेना! ॲपवर शोधलं तरी सापडणार नाही, असल्या दुर्मिळ जातींची जागा ते मुद्दाम वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी भलतीकडंच दाखवतात. आधी राग आला, पैसे देऊन आलोय ना आम्ही. पण त्या कॅमेरावाल्या काकांकडं बघितलं आणि पटलं.

सगळ्यात भारी म्हणजे त्यानं आम्हाला पण कामाला लावलं. पोरानं अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक शोधला, मी लगेच आंबोलीच्याच नावाचा तो बुश फ्रॉग म्हणून टाकायला निघाले तर म्हणाला थांबा, माहीत नाही ते ठोकून देऊ नका, नुसतं 'बेडूक' लिहा, चालतं, पुढचं ओळखणारे ओळखतील. फोटो अगदीच धूसर होता म्हणा. मग म्हणाला, हे बेडूक आवाजावरून जास्त कळतात, सगळ्यांनी एक मिनिट श्वास पण हळू घ्या. आठ जण अंधारात टॉर्च बंद करून उभे, पावसाची रिपरिप, आणि झुडपातनं टिक टिक टिक टिक, आणि ऐन वेळी आमचं कार्टं खड्या आवाजात, "आई मला शू लागलीय."

परत येताना त्याच्याकडं चहा झाला. रोज सकाळी अंगणात उभा राहून पंधरा मिनिटं पक्ष्यांची यादी करतो आणि ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं ॲप) टाकतो, म्हशीचं दूध काढायच्या आधी. २०२३ च्या देशभरातल्या पक्ष्यांच्या अहवालात तीस हजारांवर लोकांच्या तीन कोटी नोंदी होत्या, त्याबद्दल बोलणं निघालं तर म्हणाला, "त्यात आमच्या पण शे-दोनशे असतील." हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातला मासा २०२० ला शास्त्रज्ञांनी नवीन म्हणून नोंदवला, २०२१ ला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, तेव्हापासून गावात लोक त्याला वेड्यात काढत नाहीत म्हणे, आधी बॅटरी घेऊन बेडकांमागं फिरतो म्हणून हसायचे.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क गमबुटांचा कापला. जाणार असाल तर तिघा-चौघांपेक्षा जास्त जाऊ नका, अंगाला वासाचा स्प्रे मारू नका, आणि अंधार पडल्यावर घाटात गाडी हळू चालवा.

पंधरा दिवसांनी ॲप उघडून बघितलं. माझा तो धूसर बेडूक अजून नुसता 'बेडूक'च आहे. पण गाईडनं टाकलेल्या आवाजाला दोन जणांनी ओळख देऊन झालीय, रिसर्च ग्रेड, म्हणजे ओळख पक्की धरलेली नोंद. त्यानं काही कापलेलं नाही, नीट ऐकलं तर शेवटी शेवटी टिक टिकच्या मागं आमच्या चिरंजीवांची शू पण आहे.