जुना लाकडी गरुड घ्यावा की नवा कोरून?

खुणा दोघांत त्याच: चोचीसारखं नाक, अंगावर सर्प, विष्णूपुढे जोडलेले हात. हाती कुंभ असेल तर अमृतहरणाची कथा. फरक लाकडात. जुन्याच्या बुडाशी भोकं बघा. खाली ताजी, पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड आत जिवंत आहे. ओल्या फडक्याने पुसलात तर मूळ रंगाचे पोपडे निघतील, कोरडा मऊ ब्रशच वापरा. विक्रेत्याचं ‘दोनशे वर्षं जुना’ सोडा, पाठ पाहा: हातछिन्नीचे घाव कमी-जास्त खोल असतात, यंत्राचे एकसारखे. शिवाय शंभरी गाठलेली मूर्ती १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यामुळे तुम्हाला परदेशी नेता येत नाही. नव्या सागवानीला तो जाच नाही. लाकूड मात्र नीट वाळलेलं हवं, नाहीतर तडकतं.

देवघरासाठी नवाच, भंगलेली मूर्ती परंपरेने पूजेत चालत नाही. संग्रहासाठी जुना, तुटक्या पंखासकट.