जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक: बाहेरून आवळायचे की ड्रम उघडायचा?

ब्रेक पेडल खोल जायला लागलं की अँबॅसिडर-पद्मिनीवाल्यांपुढे दोन वाटा. पहिली, ड्रम (चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा) न काढता अॅडजस्टर, म्हणजे आतले शू ड्रमजवळ सरकवणारा स्क्रू, फिरवायचा. शू म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानी. एक चाक जॅकवर, बाकीच्यांना अडण म्हणून चिऱ्याचे तुकडे, हँडब्रेक सैल. चाक जाम होईपर्यंत आवळा, पेडल जोरात दाबून शू बसवा, मग चाक हाताने जेमतेम मोकळं फिरेल इतकं मागे घ्या. किंचित घासल्याचा आवाज चालेल. दोन्ही बाजू मात्र सारख्या हव्यात, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. शिकाऊ हातांना हेच बरं.

पण वेंगुर्ला-मालवणकडे पावसाळाभर उभी असलेली गाडी असेल तर मी ड्रम उघडेनच. खाऱ्या हवेने अॅडजस्टर जाम झालेला असतो, ड्रमला आतून गंज. शिवाय व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) गळत असेल तर बाहेरून कितीही आवळा, तेलकट शू धरत नाहीत, आणि असली गाडी घेऊन फोंडा घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. आतली धूळ फुंकू नका, शूवरच्या घासणाऱ्या थरात, म्हणजे जुन्या लायनिंगमध्ये, अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. ड्रमला झिजून कड आली असेल तर लेथवाल्याकडे जावंच लागतं.