भांडी मावशींकडे, फरशी आपल्याकडे: आठ महिन्यांनंतरचा हिशोब

पुण्यातला ४५० चौरस फुटांचा वन बीएचके, माणसं तीन, त्यातली दोघं नोकरीवर, आणि घरकामाच्या मदतीसाठी महिन्याला फार तर बाराशे रुपये. आठ महिन्यांत तीन प्रकार वापरून झाले. आधी भांडी आणि केर-फरशी दोन्ही मावशींकडे, मग ॲपवरून तासावर मदत, आणि आता फक्त भांडी मावशींकडे. हा शेवटचा प्रकार टिकला आणि तोच बजेटात बसला.

कुठलं काम बाहेर द्यायचं हे ठरवताना बहुतेक जण जास्त कंटाळवाणं काम कुठलं ते बघतात. बघायला हवं ते हे, की काम एक दिवस राहिलं तर दुसऱ्या दिवशी किती वाढतं. फरशी एक दिवस राहिली तर थोडी धूळ जास्त निघते, बाकी काही नाही. भांडी रात्रभर राहिली की भात वाळून कडक होतो, सिंकला वास येतो, झुरळं येतात आणि सकाळी डब्याला कढई मिळत नाही. वेळही तसाच. तिघांची दिवसभराची भांडी रोज ४० मिनिटं खातात, केर-फरशी एक दिवसाआड ३० मिनिटांत होते.

पैशांचा हिशोब बारा महिन्यांचा करू नका, तेरा महिन्यांचा करा. दिवाळीला एक पगार बोनस द्यायचाच असतो. भांड्यांचे १,००० रुपये ठरले तर वर्षाचे १३,००० होतात, म्हणजे महिन्याला जवळपास १,०८५. बार, घासण्या धरून बाराशेच्या आत बसतं. दोन्ही कामांचे दोन हजार होत होते, वर्षाचे २६,०००, आणि ते पेलत नव्हतं.

अशा वेळी दर पाडून दोन्ही कामं करून घ्यायचा मोह होतो. तो टाळा. महिन्याच्या दोन सुट्ट्या वजा करून २८ दिवस, रोज ४० मिनिटं, म्हणजे साधारण साडेअठरा तास. हजार रुपयांत तासाला ५४ रुपये पडतात. यातले शंभर कमी करणं योग्य नाही, आणि व्यवहारातही परवडत नाही: जास्त देणारं घर मिळालं की मावशी काम सोडतात आणि शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून. पैसे कमी असतील तर कामं कमी करा, दर नाही.

काम ठरवताना ‘भांडी’ म्हणजे काय ते पहिल्याच दिवशी बोलून घ्या. ओटा पुसणं, सिंक घासणं, पाहुण्यांची भांडी, महिन्याचे डबे, यांवरूनच पुढे कुरबुर होते. आपल्या बाजूने खरकटं कचऱ्यात काढून भांडी सिंकमध्ये ठेवायची, आणि कढई, कुकर, दुधाचं पातेलं यांत अर्धा तास आधी पाणी घालायचं. एवढं केलं तर ४० मिनिटांची ३० होतात. दिवसभर पाण्यात हात राहून मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यामुळे वाचलेल्या या दहा मिनिटांची किंमत त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे.

नॉनस्टिक तवा आणि लोखंडी तवा ढिगात टाकू नका. नॉनस्टिकचा थर तारेच्या घासणीने जातो, आणि लोखंड ओलं पालथं घातलं की सकाळपर्यंत गंजतं. कुकरची रिंग आणि शिट्टी आपणच धुवावी. झाकणाची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का बघा. तिथे डाळीचा फेस वाळून बसला तर वाफ अडते, आणि हे दुसऱ्या कुणावर सोडण्यासारखं नाही. भांड्यांचा बार अख्खा ठेवला तर पाण्यात विरघळून लगदा होतो. तीन तुकडे करून खाली भोकं असलेल्या डबीत ठेवला की जवळपास दुप्पट दिवस जातो.

फरशीसाठी फिरणाऱ्या बादलीचा मॉप घेतला. दांड्याचा आट्यांचा सांधा सैल होतो, तो दर आठवड्याला पिळून घट्ट करावा लागतो, नाहीतर आटे झिजून दांडा फिरत राहतो. व्हिट्रिफाइड फरशीवर पावलं उमटतात त्याचं कारण बहुतेक वेळा जास्त फिनेल असतं. अर्ध्या बादलीला एक झाकण पुरे, आणि स्वयंपाकघर पुसल्यावर पाणी बदलायचं. मॉप उन्हात वाळला नाही तर कुबट वास येतो. पावसाळ्यात दोनदा पिळून पंख्याखाली वाळवा.

टँकरच्या पाण्याचे नळावरचे पांढरे डाग लिटरभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड घालून निघतात. फडकं भिजवून दहा मिनिटं गुंडाळा, मग धुवा. कडाप्प्याच्या ओट्यावर, शहाबादीवर किंवा संगमरवरावर हे पडू देऊ नका, दगडाची चमक कायमची जाते. संडासाचं ॲसिडवालं क्लीनर आणि ब्लीच तर कधीच एकत्र नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

ॲपवरच्या मदतीबद्दल थोडंच. महिन्यातून एकदा खिडक्या आणि पंखे यांसाठी ती ठीक. रोजच्या कामाला नाही, कारण दर वेळी नवीन माणूस, दर वेळी समजावण्यात पहिली दहा मिनिटं, आणि तासाचे पैसे मात्र पूर्ण.

खाड्यांची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघांना दिसेल अशी ठेवा, उचलही तिथेच लिहा. महिन्याला दोन सुट्ट्या पगारी, आजारपणाचे दिवस कापू नयेत. बदली बाई आली तर तिचे पैसे कोण देणार हे आधीच ठरवा. बदली म्हणून शाळकरी मुलगी आली तर तिच्याकडून काम करून घेऊ नका. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासून कायद्याने बंदी आहे.

जाळी-जळमटं, माळा आणि चिमणीची फिल्टर हे रोजच्या पगारात धरायचं काम नाही. दिवाळीआधी मावशींना जमत असेल तर अर्ध्या दिवसाचे वेगळे पैसे ठरवून बोलवा. फिल्टर जाळीची, ॲल्युमिनियमची असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालू नका, ती काळी पडते. साध्या भांड्यांच्या साबणात तासभर भिजवली तरी तेल सुटतं.