शेजाऱ्याला समजवावे की गटाला? दोन पद्धतींची तुलना

बेळगावच्या पदवी महाविद्यालयात मराठी माध्यमातून आलेली खानापूरची मुलगी आणि कन्नड माध्यमातून आलेला गोकाकचा मुलगा एकाच बाकावर बसतात, पुस्तक मात्र दोघांपुढेही इंग्रजीच असते. अशा वर्गात मुलांनी एकमेकांकडून शिकावे असे ज्या प्राध्यापकांना वाटते, त्यांनी दोन पद्धती पडताळून पाहाव्यात.

पहिली पद्धत हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वापरात आणली. प्राध्यापक एक बहुपर्यायी प्रश्न विचारतात, प्रत्येक जण कोणाशी न बोलता उत्तर नोंदवतो, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून देतो आणि पुन्हा उत्तर देतो. सरळ वर फेकलेल्या चेंडूचे सर्वोच्च बिंदूवर त्वरण किती, असे विचारले की अर्धा वर्ग ‘शून्य’ म्हणतो. ‘अगो, चेंडू थांबला म्हणून पृथ्वीनं ओढायचं थांबवलंय काय?’ हे वाक्य शेजारणीकडून ऐकले की जे उमगते, ते फळ्यावरच्या सूत्राने उमगतेच असे नाही. पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर असतील तरच चर्चा फलदायी ठरते. त्याहून कमी असल्यास पुन्हा शिकवावे, जास्त असल्यास पुढे जावे. खर्च उत्तर दाखवायच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांचा, वेळ काही मिनिटांचा, आणि ऐंशी जणांच्या वर्गातही बाके हलवावी लागत नाहीत.

दुसरी ‘जिगसॉ’ पद्धत सामाजिक मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत, वांशिक ताण असलेल्या वर्गांसाठी, घडवली. गटातील प्रत्येकाला धड्याचा एकेक भाग मिळतो. तोच भाग मिळालेली इतर गटांतील मुले आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परतून शिकवतात. १९५६ ची राज्यपुनर्रचना अशी छान वाटता येते: एकाकडे पुनर्रचना सुचवणारा फाजल अली आयोग, दुसऱ्याकडे प्रत्यक्ष कायदा, तिसऱ्याकडे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल. (हा विषय आपल्याकडे लगेच तापतो, हे धरूनच तास आखावा.) मात्र एकाची बस चुकली की त्याचा भाग गटाला मिळतच नाही.

भाषेचा मुद्दा निर्णायक आहे. शेजारी आपणच निवडायचा असला तर मराठी मुले मराठी मुलांजवळ बसतात. त्यांना संकल्पना लवकर कळते, पण कन्नड मुलांशी बोलणे होत नाही. जिगसॉमध्ये गट प्राध्यापकच पाडतात, त्यामुळे हे टळते. तरीही प्रथम वर्षाच्या मोठ्या वर्गात मी मझूर यांचीच पद्धत निवडेन, चर्चा कोणत्याही भाषेत होऊ देईन आणि शेवटचे एक वाक्य तेवढे इंग्रजीत लिहून घेईन. जिगसॉ मी तिसऱ्या वर्षाच्या वीस-पंचवीस जणांच्या वर्गासाठी राखून ठेवेन.